आपण कुठल्या पेटीतली बाहुली?

मंडळी, आधीच सांगतो, मला बाहुल्या फार आवडतात. लहानपणी दूरदर्शनवर रामदास पाध्यांचे अर्धवटराव आणि आवडाबाई आले की आमच्या चाळीत सामसूम व्हायची. तक्रार आहे ती बाहुल्यांवरून माणसं मोजण्याबद्दल.

झालं असं, मागच्या कोजागिरीला मसाला दूध आटेपर्यंत आपल्याकडे एक खेळ रंगला. २०१२ साली डालिया लिथविक या पत्रकार बाईंनी 'स्लेट'मध्ये गमतीगमतीत मांडलं होतं की माणसं मपेटांसारखी दोनच प्रकारची: शिस्तवाली आणि गोंधळवाली. कर्मिट बेडूक आणि बर्ट शिस्तीचे. अर्नी, कुकी मॉन्स्टर आणि ॲनिमल गोंधळाचे. झालं! अर्ध्या तासात अख्ख्या मंडळाची वाटणी झाली. हसून हसून पोट दुखलं, मीही हसलो.

हसू आटलं ते गणपतीच्या वेळी. कामं वाटताना कोणीतरी म्हणालं, "वहिनी शिस्तवाल्या, त्यांच्याकडे हिशेब आणि कोठीच्या किल्ल्या." वहिनी म्हणजे आमची सौभाग्यवती. नाटकाच्या यादीत तिचं नाव घालायचं कुणाला सुचलंच नाही. पुण्यात कॉलेजात असताना हिने फिरोदिया करंडकात काम केलंय, हे लेस्टरमध्ये कुणाला ठाऊक नाही. मला ठाऊक होतं, पण मीही गप्प बसलो. आणि ज्यांना 'गोंधळवाले' म्हटलं, ते पुरुष आरती संपताच खुशाल गप्पा मारत बसले. भांडी कोणी घासली, हे सांगायला नकोच. दुसऱ्या दिवशी आमचा दहा वर्षांचा चिरंजीव म्हणाला, "बाबा, मी खोली आवरणार नाही, मी ॲनिमल आहे."

म्हणजे एकाला कायमची सुटी आणि दुसऱ्याला कायमची वेठ!

कोणी म्हणेल, "अहो, गंमत होती ती, एवढं काय मनावर घेता?" ठीक आहे, मग गमतीचाच पुरावा देतो. शिस्तीचा कर्मिट आणि गोंधळाचा अर्नी, दोघांचाही आवाज एकाच माणसाचा होता, जिम हेन्सन यांचा. नीटनेटका बर्ट आणि सगळं तोडणारा ॲनिमल, दोघांच्याही आत हात फ्रँक ऑझ यांचा होता. अर्धवटराव आणि आवडाबाई भांडतात तेव्हाही दोन्हीकडून बोलतात ते पाध्येच. प्रकार बाहुलीचा असतो. माणसाकडे दोन्ही आवाज असतात, फक्त त्याला दोन्ही हातांनी खेळू द्यावं लागतं.

या गावाने तर हे विसरूच नये. १९७२ साली युगांडातून हाकललेल्या आशियाई लोकांनी इथे येऊ नये, म्हणून लेस्टरच्या नगरपालिकेने तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. माणसं पाहण्याआधीच त्यांच्यावर चिठ्ठी चिकटवली होती! तरीही ती आली. आज आपण दिवाळीचे दिवे बघायला जातो त्या बेलग्रेव्ह रोडवर जाऊन पाहा त्यांनी काय उभं केलंय ते.

तेव्हा यंदा माझी सूचना अशी: कामांच्या चिठ्ठ्या टाका, माणसांवर चिकटवू नका. किल्ल्या माझ्याकडे द्या. हरवल्या तर शोधीन. आणि नाटकाच्या पहिल्या तालमीला हिला बोलवा.

आमच्या ॲनिमलने परवा खोली आवरली. आईने नाही, बाबाने आधी आपलं कपाट आवरलं म्हणून.