‘आम्ही’ आणि ‘आपण’

आमच्या मायबोलीत एक सोय अशी आहे की, तिचा उपयोग प्रत्येकजण दिवसातून शंभर वेळा करतो आणि तिच्याकडे लक्ष मात्र कोणी देत नाही. ‘आम्ही उद्या पवनारास जाणार’ असे एखाद्या मुलाने म्हटले म्हणजे ऐकणाऱ्याने समजावे की, त्या मंडळीत आपली गणना नाही. ‘आपण उद्या पवनारास जाऊ’ असे म्हटले की तोच मुलगा लगेच शिदोरीची चौकशी करू लागतो. इंग्रजीस हा भेद एका शब्दाने दाखविता येत नाही. ग्रांथिक हिंदीसही येत नाही. गुजराथीत ‘अमे’ आणि ‘आपणे’, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ अशा जोड्या आहेत. समाज कसा घडतो ह्याविषयी मोठमोठे ग्रंथ झाले आहेत. परंतु आमच्या मते त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर ह्या दोन शब्दांमधील कुंपणात सापडते. (हा लेख ‘आम्ही’ने लिहिला जात आहे, ती केवळ लेखकांची जुनी रीत, तिच्यात वाचकांस वगळण्याचा हेतू नाही.)

शाळेत नवा मुलगा आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “तू मूळचा कोठला ?” विचारणारा स्वतः मूळचा वर्ध्याचा, अशा थाटाने हा प्रश्न येतो. तेव्हा वर्ध्याचे मूळ काय, हे एकदा सांगितलेले बरे. नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला तो १८६२ साली. त्याचे मुख्य ठाणे प्रथम पुलगावजवळ कवठा येथे होते. १८६६ साली ते पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी हलविले आणि तेथे हे शहर आखून वसविले. लवकरच मुंबईकडील लोहमार्ग येथून नागपुरास पोहोचला. हिंगणघाटच्या कापसाची कीर्ती आधीच दूरवर गेली होती. त्या कापसामागून व्यापारी आले, दलाल आले, गिरण्यांत काम करणारे आले. कोणी मारवाडातून, कोणी गुजराथेतून, कोणी तेलंगणातून, तर कोणी शेजारच्या खेड्यातून बैलगाडीने. म्हणजे ‘मूळचा वर्धेकर’ हा मान कोणास द्यावयाचाच असेल तर तो पालकवाडीच्या त्या चार घरांस द्यावा लागेल. पवनारची गोष्ट निराळी. महामहोपाध्याय मिराशी ह्यांनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे मत मांडले आहे. पण पवनारच्या मुलांस त्याचा गर्व चढलेला आम्ही तरी पाहिला नाही.

राज्याच्या सीमेने माणूस ठरतो म्हणावे, तर तेही टिकत नाही. आमच्या पश्चिमेस वर्धा नदी वाहते. तिच्या पलीकडचे वऱ्हाड हैदराबादच्या निजामाचे आणि अलीकडचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा, अशी व्यवस्था दीर्घकाळ होती. पुढे वऱ्हाड १९०३ साली मध्यप्रांतास जोडले गेले. तथापि दोन्ही काठांवर बोली एकच, पेरा एकच, सोयरीक तर पूर आला तरी थांबत नसे. येथे १९४० साली जन्मलेल्या माणसाचे उदाहरण घ्या. तो जन्मला ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ ह्या प्रांतात, पुढे तो ‘मध्यप्रदेशा’चा झाला, १९५६ साली तो द्वैभाषिक मुंबई राज्याचा झाला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा. वीस वर्षांच्या आत त्याच्या पत्त्यातील राज्य तीन वेळा बदलले आणि त्याने घराचा उंबरठाही बदलला नव्हता !

मग कुंपण असते तरी कोठे ? ते पाहण्यास वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराच्या दारात उभे राहावे. १९२८ सालच्या जुलै महिन्यात हे मंदिर अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या लोकांस खुले झाले. ते खुले करण्यात ज्यांनी पुढाकार घेतला ते शेठ जमनालाल बजाज जन्माने राजस्थानातील सीकरकडचे. बालपणी येथल्या बच्छराज शेठजींच्या घरी दत्तक आलेले. त्यांच्या पाठीशी जे विनोबा होते ते कोकणातील गागोदे गावचे, वर्ध्यास आले १९२१ साली. पुढे १९३६ साली शेगावात राहावयास आलेले महात्मा गांधी तर काठेवाडचे. ह्या तिघांसही वर्ध्याने ‘आपले’ म्हणण्यास फार वेळ लावला नाही. आणि ज्यांच्या कित्येक पिढ्या ह्याच मातीत राबल्या ते लोक १९२८ पर्यंत त्या पायरीखाली उभे होते. दुरून आलेले आत, आणि येथलेच बाहेर ! आपलेपणा जन्मस्थानाने ठरत असता, तर हा प्रकार कसा घडता ?

तथापि दार उघडले म्हणून काम पुरे झाले, असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही. दार उघडणारा कितीही थोर असो, ‘आम्ही तुम्हांस आत घेतले’ ह्या वाक्यात ‘आम्ही’ शिल्लक राहतोच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या घटनेचे मर्म आम्हांस येथे दिसते. इतरांनी दिलेले नाव टाकून त्या समाजाने स्वतः निवडलेले नाव धारण केले. समूह बनण्यास संख्या लागते, हे खरे. पण आपणांस काय म्हणावे हे स्वतः ठरविण्याचा अधिकार त्याहून अधिक लागतो.

नावाचा महिमा विचित्र आहे. वर सांगितलेले शेगाव १९४० साली ‘सेवाग्राम’ झाले, ते मुख्यतः टपालाच्या अडचणीमुळे. पत्रे बुलढाण्याकडील शेगावास जात. टपालाच्या सोयीसाठी घेतलेले नाव आज जगास ठाऊक आहे. आणि नावाचा घोटाळा कागदावर कायम राहिला तर काय होते, हे आमच्या पालकवर्गास सांगावयास नको. शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत कोणे एके काळी कोणा कारकुनाने घाईत एक शब्द लिहिला. आज त्याच्या आधारे पणतूचे भवितव्य ठरते. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांस २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ ह्या तारखांपूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. मग कोतवाल-बुके धुंडाळली जातात, जीर्ण पाने हळूच उलटली जातात. ह्या कागदांची आम्ही थट्टा करीत नाही. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला त्यांस भरपाई द्यावयाची तर ते कोण, हे कोठेतरी लिहावेच लागते. आमचा आक्षेप वेगळा आहे. नोंदवहीच्या एका रकान्यातील शब्द म्हणजेच आपला सोबती, असे जेव्हा दहा वर्षांचे मूल समजू लागते, तेव्हा दोष नोंदवहीचा नसतो. ते मूल घरी काय ऐकते, आणि शाळेत काय पाहते, ह्याचा तो परिणाम असतो.

शाळेत काय पाहते, त्याविषयी आम्हांसच बोलले पाहिजे. मधल्या सुटीत डबे उघडतात तेव्हा व्हरांड्यातून एक फेरी मारावी. वर्गात मुले हजेरीच्या क्रमाने बसतात, खेळात कप्तान निवडील त्या बाजूस जातात. परंतु डबा खाताना कोणी न सांगता ती वेगवेगळ्या घोळक्यांत वाटली जातात, आणि ते घोळके कशावरून पडले हे ओळखण्यास फार चातुर्य लागत नाही. प्रत्येक घोळका खेळीमेळीने जेवत असतो. भांडण कोठेच नाही. म्हणूनच तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. नवा आलेला मुलगा मात्र डबा हातात धरून क्षणभर उभा राहतो. तो क्षण आम्ही अनेकदा पाहिला आहे आणि पाहून पुढे गेलो आहोत, हेही कबूल केले पाहिजे.

आमची सूचना साधी आहे. येत्या सत्रापासून आठवड्यातील निदान दोन दिवस डबा खाण्याच्या पंगती चिठ्ठ्या टाकून ठरवाव्या. काही पालक म्हणतील, आमच्या घरी अमुक चालत नाही, तमुक चालत नाही. त्यांच्या आचारास आम्ही हात लावू इच्छीत नाही; ज्याचा डबा त्याने खावा, कोणी कोणास घास देण्याची सक्ती नको. केवळ शेजारी बसावयाचे आहे. दुसरे कोणी म्हणतील की, मैत्री सक्तीने होत नाही. नाहीच होत. परंतु वर्गातील बाकावरचा शेजारही आमच्या गुरुजींनीच ठरविला होता, आणि तो शेजारी पुढे आयुष्यभराचा मित्र झाला, असे सांगणारे पालक ह्याच गावात पुष्कळ आहेत. चिठ्ठ्यांचा डबा विद्यार्थ्यांनीच तयार करावा, आणि त्यात गुरुजनांचीही नावे असावी. पहिल्या दिवशी आमच्या शेजारी कोण येणार, ह्याची उत्सुकता आम्हांसही आहे.