व्हेपोरायझर घेताना आधी तापमान बघा

जर्मनीत 2017 पासून डॉक्टर गांजाची वाळलेली फुलं औषध म्हणून लिहून देऊ शकतात. जुनाट वेदना, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये आखडणारे स्नायू अशा तक्रारींसाठी ती घेणारे रुग्ण तिथे आहेत. ती पेटवून ओढली तर औषधासोबत डांबर आणि कार्बन मोनॉक्साइडही छातीत जातो. व्हेपोरायझर फुलं जाळत नाही, तापवतो. सॅन फ्रान्सिस्कोत डोनाल्ड अब्राम्स यांच्या गटाने 2007 साली धूर आणि वाफ यांची 18 निरोगी माणसांवरची तुलना प्रसिद्ध केली. टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, रक्तात दोन्ही प्रकारे साधारण सारखाच उतरला. वाफ घेतल्यावर श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मात्र खूपच कमी भरला. त्यासाठी वापरलेला ‘व्होल्केनो’ हा व्हेपोरायझर जर्मनीतल्या टुटलिंगेनचा, शस्त्रक्रियेच्या हत्यारांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावाचा.

बाजारात आज ढीगभर यंत्रं आहेत. माझं मत ठाम आहे: ज्यावर तापमान अंशांत दिसत नाही, ते रुग्णाने घेऊ नये. साधारण 180 ते 210 अंश सेल्सिअसला वाफ नीट मिळते; 230 च्या पुढे फुलं करपू लागतात आणि यंत्र घेण्याचा हेतूच संपतो. नुसते लाल-हिरवे दिवे लावणाऱ्या स्वस्त यंत्रात आपण कुठे आहोत हे कळतच नाही. ज्यांची फक्त भिंत तापते, त्यांत कडेचा चुरा करपतो आणि मधला तसाच राहतो, म्हणून मध्येच ढवळावं लागतं. गरम हवा खेळवणारी यंत्रं चुरा जास्त सारखा तापवतात.

त्यानंतर हात बघा. बोटं थरथरणाऱ्या माणसाला खिशातल्या यंत्राचं इवलंसं झाकण उघडून चिमूटभर चुरा भरणं ही रोजची परीक्षा असते. त्याच्यासाठी टेबलावरचं, पिशवीत वाफ भरून देणारं यंत्र कितीतरी बरं: पिशवी एकदा भरली की दमादमाने ओढता येते. फिरतीवर असणाऱ्याने खुशाल लहान घ्यावं, पण बॅटरी बदलता येते का ते विचारून. जाळीवर चिकट राळ साचते. ज्याचे भाग सुटे करून स्पिरिटने पुसता येत नाहीत, ते यंत्र काही आठवड्यांत नकोसं होतं.

वाफ निरुपद्रवी नाही. धूर गेला तरी टीएचसी तेवढाच पोचतो, त्यामुळे गुंगी, धडधड, भ्रम होऊ शकतात. घरात मनोविकाराचा इतिहास असेल तर डॉक्टरांना तो आधी सांगायलाच हवा.

जर्मनीत किंवा कॅनडात राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगतो. भारताच्या 2019 च्या ई-सिगारेट बंदी कायद्यात पदार्थ तापवून ओढायला देणारी विजेची उपकरणं येतात, निकोटिन असो वा नसो. त्यांची आयात बंद आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आत गांजाचा अंश सापडला तर 1985 चा अमली पदार्थ कायदा वेगळा लागतो. सुट्टीवर घरी येताना यंत्र आणि फुलं तिथेच ठेवा, आणि तेवढे दिवस वेदनेवर दुसरं काय घ्यायचं, हे निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या.