पेपर मराठीत, पण पुस्तके कुठे? देगलूर, हैदराबाद आणि विद्यापीठ प्रवेशाची शंभर वर्षे (थ्रेड)

१/ केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सीयूईटी ही सामायिक परीक्षा आहे. ती तेरा भाषांत होते, त्यांत मराठीही आहे. म्हणून ग्रामीण मराठी विद्यार्थ्याला दिल्ली-हैदराबादची दारे खुली झाली, असे अभिमानाने सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. उरलेले अर्धे समजण्यासाठी १९१७ सालच्या हैदराबादेत जावे लागेल.

२/ देगलूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. राज्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठाशी संलग्न व इंग्रजी माध्यमाचे. मीर उस्मान अली खानाने १९१७ मध्ये उर्दू माध्यमाच्या विद्यापीठाचे फर्मान काढले. १९१८ मध्ये उस्मानिया स्थापन झाले, १९१९ मध्ये वर्ग भरू लागले.

३/ राज्यातील जवळजवळ निम्मी प्रजा तेलुगू भाषक, सुमारे पाव हिस्सा मराठी. उर्दू भाषक दहा टक्क्यांच्या आसपास. देगलूरच्या मुलाने आधी उर्दू आत्मसात करायची, मग विद्या. या अन्यायाविषयी मराठवाड्यात पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच आहे.

४/ परंतु एक गोष्ट सांगणे आपल्याला जड जाते. वर्ग भरण्यापूर्वीच, १९१७ मध्ये, ‘दारुल तर्जुमा’ हे भाषांतरगृह उभे राहिले. इतिहास, तत्त्वज्ञान, विज्ञान, कायदा या विषयांचे ग्रंथ उर्दूत आणणे आणि त्यासाठी परिभाषा घडवणे, हेच त्याचे काम. म्हणजे आधी पुस्तके, मग वर्ग, मग परीक्षा. सरंजामी राजवटीलाही हा क्रम कळत होता.

५/ आता सीयूईटीकडे या. इतिहासाचा पेपर एनसीईआरटीच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर. पुस्तकाचे तीन भाग. ते इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत निघतात. मराठीत नाहीत. देगलूरच्या उर्दू शाळेतील मुलाला आपल्या भाषेत पुस्तक मिळते (आणि ते मिळायलाच हवे), शेजारच्या मराठी शाळेतील मुलीला मात्र नाही. इतिहासाचा याहून खोचक विनोद मला ठाऊक नाही.

६/ ‘राज्य मंडळाचे पुस्तक आहेच की!’ नाही, मित्रहो. आपल्याकडे प्राचीन भारत अकरावीत संपतो. बारावीचे पुस्तक युरोपीय प्रबोधनापासून सुरू होते. एनसीईआरटीची बारावी हडप्पापासून संविधानापर्यंत जाते. मंडळाची परीक्षा संपल्यावर हाती उरलेल्या थोड्या आठवड्यांत दुसरा अभ्यासक्रम, तोही दुसऱ्या भाषेत!

७/ त्याच पुस्तकात १८७५ चे दख्खनचे दंगे आहेत. पुणे जिल्ह्यातील सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. मराठी कुणब्यांचे हे बंड मराठी विद्यार्थ्याने हिंदीत वा इंग्रजीत वाचायचे आणि मराठीत उत्तर निवडायचे.

८/ शिवाय नियम असा, की अनुवादात संदिग्धता असल्यास इंग्रजी पाठ अंतिम. मग देगलूरच्या नेट कॅफेत अर्ज भरणाऱ्या मुलीने माध्यमाच्या रकान्यात काय निवडावे? पारिभाषिक शब्द मराठीत प्रथमच दिसणार ते परीक्षागृहात. ती निमूटपणे इंग्रजी निवडते. उद्या कोणी अधिकारी आकडे दाखवून म्हणेल, मराठीला मागणीच नाही!

९/ ‘इंग्रजी शिका’ हा सल्ला ठरलेला. अवश्य शिकावी, उस्मानियातही इंग्रजी हा सक्तीचा विषय होता. पण भाषेची कसोटी भाषेच्या पेपरात घ्या. इतिहासाच्या पेपरात इंग्रजी मोजून त्याला गुणवत्ता म्हणू नका.

१०/ जुनी गुण-मर्यादा पद्धत बरी होती, असे माझे म्हणणे नाही. २०२१ मध्ये दिल्लीच्या काही महाविद्यालयांत ती शंभर टक्क्यांवर गेली होती. सामायिक परीक्षा हवीच होती. प्रश्न तीन पुस्तकांचा आहे. बालभारती १९६७ पासून अनेक भाषांत पाठ्यपुस्तके काढते. राज्याने एनसीईआरटीची अनुमती घेऊन हे तीन भाग पुढील अर्जप्रक्रियेपूर्वी मराठीत आणावेत. दारुल तर्जुमाने याहून कितीतरी अवघड काम केले होते.