पोहण्याची टोपी

मैत्रिणींनो, एक कबुली द्यायची आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या लेकीचं पोहणं मी बंद केलं. ती आठवीत गेली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मोठी झाली हो आता, पुरे की!" आणि मी मान डोलावली. पोर काही बोलली नाही. टोपी नि पोशाख घडी करून कपाटात खाली ठेवून दिला. ह्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "अभ्यास वाढलाय तिचा." खरं कारण सांगायची लाज वाटली.

परवा आम्ही मायलेकींनी 'गाझा सर्फ क्लब' हा २०१६ सालचा माहितीपट पाहिला. गाझा म्हणजे भूमध्य समुद्राकाठची जेमतेम ४१ किलोमीटर लांबीची पट्टी. २००७ पासून तिची नाकेबंदी झालेली. माणसांच्या जाण्यायेण्यावर बंधन, मालावर बंधन, कोळ्यांनी समुद्रात किती दूर जायचं यावरही बंधन. अशा ठिकाणी काही तरुण मुलं फळीवर उभी राहून लाटांवरून घसरत येतात. याला सर्फिंग म्हणतात. त्या फळ्यासुद्धा तिथं सहज मिळत नसत. २००७ साली डोरियन पास्कोविट्झ हे ८६ वर्षांचे अमेरिकन ज्यू डॉक्टर स्वतः सरहद्दीवर गेले आणि डझनभर फळ्या आत पोचवल्या.

त्यात १५ वर्षांची एक मुलगी आहे. वडिलांनीच तिला लहानपणी लाटा शिकवल्या. पण वयात आली, आणि लोक काय म्हणतील म्हणून ते सुटलं. मग एके दिवशी वडील तिला होडीतून दूर, लोकांच्या नजरेपलीकडे समुद्रात घेऊन जातात. पाण्यातला तिचा चेहरा बघाच तुम्ही!

ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथं युद्ध पेटलं. हजारो जीव गेले, घरं जमीनदोस्त झाली, त्याच किनाऱ्याच्या वाळूवर बेघर कुटुंबांचे तंबू पडले. नाकेबंदी असो की युद्ध, त्यापुढे कुठल्या बापाचं काय चालणार? पण लोकांच्या जिभेतून त्या बापानं होडीएवढी वाट काढली होती. आणि आमच्याकडे? ना नाकेबंदी, ना बॉम्ब. नगरपालिकेचा तलाव घरापासून दहा मिनिटांवर. वाट अडवली ती मी, तिच्या सख्ख्या आईनं.

चित्रपट संपला तेव्हा लेक एवढंच म्हणाली, "तिच्या बाबांनी नेलं ना गं तिला!" मला उत्तर सुचलं नाही.

सोमवारपासून बायकांच्या वेळेला आम्ही दोघी जातोय. मला पोहता येत नाही, पण काठावर बसता येतं! काकूंनी विचारलंच, तर "मीच नेते तिला" असं सांगायचं ठरवलंय. तुमच्याही घरी असं काही कपाटात पडलं असेल, तर एकदा बाहेर काढून बघा. आणि हो, टोपी घालण्याआधी केसांना थोडं खोबरेल चोळा, म्हणजे तलावाच्या पाण्यानं ते राठ होत नाहीत.