सेकंदाचा विसावा

भाईंदर पश्चिमेला स्थानकालगत बसणाऱ्या एका घड्याळजींपुढे वडिलांचे जुने स्विस मनगटी घड्याळ ठेवले. त्याचा सेकंदकाटा अलीकडे मधूनच अडखळू लागला होता. एकेक सेकंद थांबून पुढे उडी घेणारा तो काटा पाहताच त्यांनी निदान केले, ‘सेल संपत आलाय.’ झाकण उघडल्यावर मात्र तेही चकित झाले. ते चावीचे घड्याळ होते.

एचएमटीचे ‘जनता’ ज्यांनी वापरले आहे त्यांना या आश्चर्याचे कारण कळेल. चावीच्या घड्याळाचा काटा सलग सरकल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो जुन्या घड्याळांत बहुधा सेकंदाला पाच बारीक पावले टाकतो, म्हणजे तासाला १८,०००. वडिलांच्या घड्याळात या ठोक्यांची शक्ती एका नाजूक कमानीत साठत जाते आणि पाचव्या ठोक्याला तरफ सुटून काटा एकदम एक घर पुढे जातो. १९५४ साली रोलेक्सने ‘ट्रू-बीट’ हे घड्याळ याच गुणासाठी काढले होते. नाडी मोजणाऱ्या डॉक्टरांना ते सोयीचे होते. पुढे डिसेंबर १९६९ मध्ये जपानच्या सेकोने क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ बाजारात आणले, आणि कालांतराने हीच उडी स्वस्तातल्या सेलच्या घड्याळाची खूण होऊन बसली. ज्यासाठी कारागिराने जादा चाके बसवली, तेच आता हलकेपणाचे लक्षण ठरले.

घड्याळजींनी प्रामाणिकपणे उपाय सांगितला: ‘याचे सुटे भाग मिळणार नाहीत. ही जादा चाके काढून टाकतो. काटा इतरांसारखा फिरेल.’ त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. घड्याळ वेळेसाठी असते, आणि बंद पडलेल्या दुर्मीळ वस्तूपेक्षा चालणारी साधी वस्तू बरी, हा युक्तिवाद सहज खोडता येण्याजोगा नाही. कित्येक ‘ट्रू-बीट’ घड्याळांची दुरुस्ती याच रीतीने झाली आहे.

तरीही मला ही दुरुस्ती मान्य नाही. ओवीचा चौथा चरण आखूड असतो, म्हणून कुणी तो ओढूनताणून इतर तिघांएवढा केला, तर अक्षरे वाढतील. ओवी मात्र उरणार नाही. आपण जुन्या पोथ्यांचे, वाड्यांचे आणि बोलींचे बहुधा हेच करतो. जे वेगळे आहे ते बिघडलेले समजतो आणि सरळ करून मोकळे होतो. वस्तू टिकते, तिच्यातला विचार जातो. आणि काय गेले हे पुढच्याला कळतही नाही.

चाके काढणे अटळच असेल, तर निदान ती पुडीत बांधून, वर चार ओळी लिहून, घड्याळासोबत ठेवावीत. परत बसवण्याची वाट तरी मोकळी राहील. मी घड्याळ तूर्त तसेच परत आणले आहे. ते अडखळते, पण अजून स्वतःच्याच चालीने अडखळते.