समजतंय ना, मग झालं!

नॉर्थ यॉर्कशायरच्या काउन्सिलने २०२४ साली जाहीर केलं, की रस्त्यांच्या नव्या पाट्यांवर यापुढे अपॉस्ट्रॉफी नसेल. हॅरोगेटमधल्या ‘सेंट मेरीज वॉक’च्या पाटीवरून ती गेली, तर कोणीतरी मार्कर घेऊन ती परत काढून आलं. एवढा गदारोळ झाला, की काही महिन्यांत काउन्सिलने माघार घेतली. केंब्रिजला २०१४ मध्ये हेच नाटक झालं होतं. बर्मिंगहॅमने तर २००९ सालीच पाट्यांवरच्या अपॉस्ट्रॉफीला रामराम ठोकला.

नॉर्थ यॉर्कशायरने दिलेलं कारण वाचून माझं डोकं फिरलं. म्हणे, पत्त्यांच्या डेटाबेसमध्ये असली चिन्हं अडचणीची ठरतात! वीस वर्षं डेटाबेसमध्ये हात घातलेला माणूस म्हणून सांगतो, ही शुद्ध थाप आहे. डेटाबेसला प्रश्न विचारताना मजकूर अपॉस्ट्रॉफीच्या जोडीत ठेवतात, त्यामुळे ‘ओ’ब्रायन’ आला की बिचाऱ्याला वाटतं मजकूर संपला. खरं. पण उपाय काय, तर ती दोनदा लिहा, किंवा सरळ पॅरामीटर वापरा. नवशिक्या प्रोग्रॅमरलाही हे येतं. उलट जी सिस्टिम ओ’ब्रायनला घाबरते, तिने हॅकरला जास्त घाबरावं, कारण तो नेमका त्याच फटीतून आत शिरतो. आमच्या धंद्यातल्या आळसापायी इंग्रजी भाषेने आपलं व्याकरण का बदलायचं?

पण काउन्सिलला कशाला बोला, आपल्या पॉटलकमध्येही हेच ऐकू येतं. “अहो, समजतंय ना, मग झालं! एवढ्याशा टिंबाचं काय घेऊन बसलात?” हे म्हणणारी मंडळी चांगली शिकलेली असतात, म्हणून जास्त राग येतो. यामागे आपल्या मराठीचे लाड आहेत असं मला वाटतं. इंग्रज मुलांना शाळेत एक विनोद शिकवतात: ‘लेट्स ईट, ग्रँडमा’ यातला स्वल्पविराम काढला, की आजीच ताटात येते. मराठीत ‘आजी जेवू या’ असं कसंही लिहा, आजी सुखरूप! तिला खायचंच असेल तर ‘आजीला’ म्हणावं लागतं. मुलांना हाक मारायची तर ‘मुलांनो’ आहेच. आपल्या विभक्ती शब्दाला चिकटून पहारा देतात. इंग्रजी नामांना तो पहारा जवळजवळ उरलेलाच नाही, म्हणून शब्दांचा क्रम आणि ही टिंबं-शेपट्या यांच्यावर सगळा भार.

अपॉस्ट्रॉफी म्हणजे इंग्रजीचे चा-ची-चे. एका मुलाचं की अनेक मुलांचं, हे कानाला कळत नाही. ‘बॉइज’ हा उच्चार दोन्हीकडे तोच. कागदावर मात्र ती शेपटी ‘एस’च्या आधी की नंतर यावर सगळं ठरतं. आपल्याकडे हेच काम अनुस्वार करतो. ‘मुलांची फी भरली’ यातला अनुस्वार गाळा आणि धाकट्याला शाळेत पाठवून पाहा. आणि ‘इट्स’चा तो सनातन घोळ! ‘त्याचा’ या अर्थाने लिहायचं तर शेपटी नको, कारण ‘हिज’, ‘हर्स’सारखा ‘चा’ त्यात आधीच मुरलेला आहे. ‘इट इज’ आखडून लिहिलं तरच शेपटी. इतकं साधं असून मुलाखतीसाठी येणाऱ्या सीव्हींत दर दुसऱ्या पानावर हा घोळ असतो, आणि माझ्या शेजारी बसलेला इंग्रज मॅनेजर तो सीव्ही न बोलता बाजूला ठेवतो. उमेदवाराला वाटतं, आडनावामुळे गेलो. कधी तसंही होत असेल. पण निदान ही सबब आपण हातात देऊ नये.

स्वल्पविरामाने माणूस मेल्याचं उदाहरणही याच देशातलं आहे. ज्या पेंटनव्हिल तुरुंगात १९०९ साली मदनलाल धिंग्रांना फाशी दिलं, तिथेच ३ ऑगस्ट १९१६ रोजी आयरिश बंडातला रॉजर केसमेंट फासावर गेला. त्याने जे केलं ते जर्मनीत. प्रश्न असा, की १३५१ च्या राजद्रोहाच्या कायद्यातलं ‘किंवा अन्यत्र’ हे शब्द नेमके कशाला जोडायचे? मजकूर जुन्या नॉर्मन फ्रेंचमधला, विरामचिन्हांचा जवळजवळ दुष्काळ. न्यायाधीशांनी सरकारच्या बाजूने वाचलं आणि केसमेंट ‘स्वल्पविरामावर लटकला’ अशी म्हणच पडली. ‘ध’चा ‘मा’ ची दंतकथा लहानपणापासून ऐकलेल्या आपल्याला याचं नवल वाटू नये.

आणि गंमत पाहा, मराठीला ही चिन्हं लावली तीही एका इंग्रजानेच. मोल्सवर्थचा सहकारी मेजर थॉमस कँडी. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे त्याचं पुस्तक एकोणिसाव्या शतकातलं. त्याआधी मोडीत ओळच्या ओळ हात न उचलता, शब्दसुद्धा एकमेकांना चिकटवून लिहिली जाई. आज आपल्याला सगळी चिन्हं मिळाली आहेत, तर आपण वापरतो एकच. गणपतीच्या आमंत्रणात ‘जरूर यावे’पुढे सहा उद्गारचिन्हं, आणि आरती, जेवण, कार्यक्रम नेमके किती वाजता, ते एका दमात, एकाही स्वल्पविरामाशिवाय. गेल्या वर्षी निम्मी मंडळी आरतीच्या वेळेला जेवायला आली होती.