टाचेत सुई टोचून घेण्याआधी

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते, चार पावले चालल्यावर जरा बरे वाटते आणि संध्याकाळी पुन्हा ठणका लागतो. ही तक्रार घेऊन येणाऱ्यांत आमच्या कुर्ल्यात तासन्‌तास उभे राहणारेच अधिक. सुरक्षारक्षक, दुकानांतले सेल्समन, लोकलमधून उभ्याने येऊन वर पूल चढणाऱ्या नोकरदार बायका, ओट्यापाशी अनवाणी वावरणाऱ्या गृहिणी. अलीकडे यातले काहीजण थेट विचारतात, "डॉक्टर, ते आपल्याच रक्ताचे इंजेक्शन घेऊ का?"

त्याला पीआरपी म्हणतात. दंडातून रक्त काढून यंत्रात वेगाने फिरवतात. तांबड्या पेशी खाली बसतात, वरचा प्लेटलेटयुक्त पिवळसर द्रव वेगळा काढून टाचेत टोचतात. प्लेटलेट हा शब्द डेंग्यूने घरोघरी पोचवला आहेच. रक्त गोठवण्याखेरीज या पेशी जखम भरून आणणारी द्रव्येही सोडतात. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक चिवट पट्टा असतो. त्याच्या टाचेकडच्या टोकाची झीज होते, तेच हे दुखणे. तिथे ती द्रव्ये पोचवावीत, हा यामागचा विचार.

विचार पटण्याजोगा आहे, पुरावा मात्र अर्धामुर्धा. नेदरलँड्समध्ये 115 रुग्णांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षानंतर पीआरपीवाल्यांना स्टेरॉइडवाल्यांपेक्षा जास्त आराम होता. मुंबईतल्या अस्थिरोगतज्ज्ञांनीही 2014 मध्ये पीआरपीच्या बाजूचा प्राथमिक अहवाल दिला. पण स्टेरॉइडचा गुण काही आठवड्यांत ओसरतो, हे आम्हाला आधीच ठाऊक होते. लंगड्याशी शर्यत लावून जिंकलेल्याला किती शाबासकी द्यायची? टाचेच्या मागच्या जाड शिरेच्या दुखण्यात ब्रिटनमध्ये 240 रुग्णांपैकी निम्म्यांना पीआरपी आणि निम्म्यांना नुसती सुई टोचली, तेव्हा सहा महिन्यांनी दोघांत फरक दिसला नाही (2021). ते दुखणे वेगळे, हे मान्य. तरी एका इंजेक्शनचे काही हजार रुपये मोजणाऱ्या सुरक्षारक्षकाला हे कोणी सांगते का?

माझा आक्षेप औषधाला नाही, घाईला आहे. बहुतेकांची टाच वर्षभरात साध्या उपायांनी बरी होते. पण 'व्यायाम केला' म्हणणाऱ्याला करून दाखवायला सांगावे, म्हणजे खरे काय ते कळते! पहिले पाऊल टाकण्याआधी पलंगावर बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा, हाताने बोटे नडगीकडे ओढावीत, दहा आकडे मोजावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून पोटऱ्याही ताणाव्यात. घरात फरशीवर मऊ चप्पल घालावी, वजन उतरवावे. एक्स-रेत वाढलेले हाड दिसले म्हणून घाबरू नये. टाच कधीच न दुखलेल्या पुष्कळांनाही ते असते.

सहा महिने हे नेमाने करूनही पाय टेकवत नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाऊन पीआरपीचा विचार जरूर करावा. वारंवार स्टेरॉइड टोचून पट्टा तुटण्याचा धोका पत्करण्यापेक्षा ते मला बरे वाटते. एकूण खर्च किती, इंजेक्शने किती, हे आधी विचारावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगावे. सुईनंतर काही दिवस टाच जास्तच दुखते, तेव्हा रजेची सोय हवी.

तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही आखडत असेल, तर ते संधिवाताचे लक्षण असू शकते. त्याची तपासणी आधी करावी. मधुमेही रुग्णाचे तळवे बधिर असतील तर गरम पाण्याचा शेक मुळीच घेऊ नये, भाजलेले कळत नाही.